राजधानी ते पर्यटनस्थळ : सावंतवाडी शहर, गंजिफा आणि स्थानिक वारशाचे जतन

प्रस्तावना

किल्ले, लेणी, मोठी देवालये ज्या गावी आहेत, त्या गावाचा ऐतिहासिक वारसा कोणता हा प्रश्न सहसा उपस्थित होत नाही. दगडात उभे असलेले वैभव डोळ्यांना दिसते, त्याची नोंद होते, संरक्षणाचा फलकही लागतो. परंतु ज्या लहान शहरात अशी भव्य वास्तू नाही, तेथील वारसा कशास म्हणावे, तो कोणी जपावा आणि परक्या माणसास तो कसा दाखवावा, हे ठरविणे तितके सोपे नसते. दक्षिण कोकणातील सावंतवाडी हे या दृष्टीने अभ्यासण्याजोगे शहर आहे. २०११ च्या जनगणनेत या नगराची लोकसंख्या २४ हजारांच्या आसपास होती. येथे राजवाडा आहे, शहराच्या मध्यभागी मोती तलाव आहे, मागे नरेंद्र डोंगर आहे. मात्र सावंतवाडीचे नाव महाराष्ट्राबाहेर गेले ते या वास्तूंमुळे नव्हे. लाकडी खेळणी, लाखकाम आणि हाताने रंगविलेले गोल गंजिफा पत्ते यांच्यामुळे ते गेले.

सावंतवाडीच्या वारसाजतनाची हकिकत सामान्यतः एका यशाची हकिकत म्हणून सांगितली जाते. मरणपंथाला लागलेली कला राजघराण्याने वाचविली आणि पर्यटकांनी तिला बाजारपेठ दिली, असे तिचे स्वरूप असते. ती खोटी नाही, पण अपुरी आहे. या प्रक्रियेत गंजिफा करण्याची विद्या टिकली, खेळण्याची विद्या मात्र बहुतांशी निसटली. पर्यटनाने नेमके काय वाचविले आणि काय वाचविणे त्याला शक्य नव्हते, हे तपासण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

संस्थान, राजधानी आणि आळी

सावंत-भोसले घराण्याच्या अमलाखालील वाडी संस्थान एका बाजूस सह्याद्री, दुसऱ्या बाजूस समुद्र आणि दक्षिणेस पोर्तुगीजांचा गोवा अशा अरुंद पट्ट्यात वसलेले होते. मराठे, पोर्तुगीज, कोल्हापूरकर आणि पुढे इंग्रज अशा चौघांशी कधी सलोखा, कधी लढाई करीत या संस्थानाने आपले अस्तित्व टिकविले. तिसरे खेमसावंत यांची कारकीर्द १७५५ ते १८०३ अशी दीर्घ होती. त्यांचा विवाह शिंदे घराण्यातील लक्ष्मीबाई यांच्याशी झाला आणि या संबंधामुळे वाडीच्या दरबाराचा उत्तरेकडील मोठ्या दरबारांशी परिचय वाढला. राजवाड्याची उभारणी याच कारकीर्दीशी जोडली जाते. जांभ्या दगडाची ही वास्तू बेताच्या आकाराची आहे. तिच्यात डोळे दिपविणारे फारसे काही नाही, आणि त्यामुळेच ती भोवतालच्या कौलारू वस्तीशी विसंगत वाटत नाही.

राजधानी म्हणजे राहता दरबार, आणि दरबार म्हणजे गिऱ्हाईक. चितारी, सुतार, सोनार, जिनगर यांची वस्ती राजवाड्याच्या आश्रयाने स्थिरावली. शहरातील चितार आळी हे नावच या वस्तीची साक्ष देते. चितारी लोक देवळांतील पालख्या, मखरे, लाकडी मूर्ती, पाट, पाळणे आणि खेळणी रंगवीत. लाखेचा लेप देऊन त्यांना चकाकी आणीत. कोकण-गोव्याच्या पट्ट्यात ही कारागिरी एकाच गावापुरती नव्हती. गोव्यातील कुंकळ्ळी येथेही चितारी समाजाचे लाखकाम प्रसिद्ध आहे. वाडीचे वैशिष्ट्य असे की, येथे या कामाला गंजिफांची जोड मिळाली.

१८१९ च्या तहाने संस्थान इंग्रजांच्या वर्चस्वाखाली आले आणि १८३८ मध्ये कारभारही त्यांनी आपल्या हाती घेतला. १८४४ मध्ये कोल्हापुरातील गडकऱ्यांच्या उठावाबरोबर येथेही बंड झाले व ते मोडून काढण्यात आले. राजकीय सत्ता गेली तरी कारागिरी लगेच नष्ट झाली नाही. ब्रिटिशकालीन गॅझेटियरांत वाडीच्या जिनसांची जी नोंद आढळते तीत लाखेची खेळणी आणि गंजिफांबरोबरच खस गवताचे, जर व भुंग्यांच्या हिरव्या पंखांनी सजविलेले पंखे आणि टोपल्या, भरतकाम, शिंगांचे कोरीवकाम अशा वस्तूंचा उल्लेख आहे. यांतील खसाच्या पंख्यांची आज शहराच्या पर्यटनविषयक माहितीत क्वचितच आठवण काढली जाते. वारसा म्हणून काय उरते आणि काय विस्मृतीत जाते, याला नेहमीच गुणवत्तेचा निकष लागतो असे नाही. पाठीराखा मिळणे न मिळणे हेही त्यात असते.

मोती तलाव १८७४ मध्ये बांधला गेला. तो शहराचा नकाशा ठरविणारा घटक होय. राजवाडा, बाजार आणि वस्ती यांना तोच एकत्र बांधतो. पर्यटकाच्या छायाचित्रात तो शोभेचा असतो. गावच्या माणसाच्या दिवसात संध्याकाळची फेरी, कट्ट्यावरच्या गप्पा आणि गणपतीविसर्जन या सर्वांसाठी तोच असतो.

गंजिफा : खेळाची रचना

गंजिफा हा खेळ भारतात मध्य आशिया व इराणमार्गे आला, असे सामान्यतः मानले जाते. बाबराने १५२७ मध्ये सिंधमधील एका मित्रास गंजिफा पाठविल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे आणि अबुल फजलने 'आईन-इ-अकबरी'त या खेळाचे सविस्तर वर्णन केले आहे. मोगली गंजिफात आठ रंग आणि ९६ पाने असत. त्याचे देशी रूपांतर म्हणजे दशावतारी गंजिफा. विष्णूच्या दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात एक राजा, एक प्रधान आणि एक्का ते दश्शी अशी दहा पाने, म्हणजे एकूण १२० पाने. राजाच्या पानावर त्या त्या अवताराचे चित्र असते. साध्या पानांवर मासा, कासव, परशू, बाण, तलवार अशी चिन्हे त्या त्या संख्येने काढलेली असतात.

कारागिराच्या श्रमाचा हिशेब या रचनेतच दडलेला आहे. एका रंगातील एक ते दहा पानांवर मिळून ५५ चिन्हे येतात. दहा रंगांची ५५० होतात. त्याशिवाय राजा आणि प्रधान यांची २० पूर्ण चित्रे. हे सर्व तळहातात मावणाऱ्या गोल पृष्ठभागावर, आणि एकाच रंगाची पाने परस्परांशी जुळतील अशा बेताने काढायचे. पाठीमागील बाजू तर सर्व १२० पानांची अगदी एकसारखी हवी. एका पानावर ओळखू येईल असा डाग पडला, तर चित्र कितीही सुंदर असो, डाव फुकट. म्हणजे पत्ते करणाऱ्याची कसोटी चित्रकलेइतकीच एकसारखेपणाची होती, आणि ती कसोटी लावणारा परीक्षक होता खेळाडू.

पाने तयार करण्याची जुनी रीत अशी होती. कापडाचे किंवा कागदाचे थर चिंचोक्याच्या खळीने एकमेकांवर चिकटवायचे, त्यावर सफेदीचा लेप देऊन घोटून गुळगुळीत करायचे, गोल कापायचे, रंगवायचे आणि अखेरीस लाखेचा लेप द्यायचा. लाखेमुळे पान ताठ राही, हाताच्या घामाने खराब होत नसे आणि पिसताना सहज घसरे. दरबारासाठी हस्तिदंत, कासवाचे कवच अशा मौल्यवान द्रव्यांचे जोड होत; सामान्य गिऱ्हाइकासाठी साधे. या दोन प्रतींना दरबार कलम आणि बाजार कलम अशी नावे होती. हे दोन शब्द ध्यानात ठेवण्यासारखे आहेत, कारण पुढे शहराला मिळालेला पर्यटक हा ना धड दरबार होता, ना धड बाजार.

तिसऱ्या खेमसावंतांच्या दरबारी तेलंगणातून आलेल्या विद्वानांकडून या खेळाची माहिती मिळाली आणि महाराजांनी चितारी कारागिरांकडून तो करवून घेतला, अशी परंपरा सावंतवाडीत सांगितली जाते. परंपरा म्हणूनच तिचे मोल आहे. तथापि पेशवाईच्या काळात मराठी प्रदेशात गंजिफा परिचित होता, ही गोष्ट लक्षात घेता अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तो वाडीत रुजणे अस्वाभाविक नव्हे.

खेळ सहसा तिघांत चाले. तिघांना प्रत्येकी ४० पाने येत. इंग्रजी पत्त्यांतील हुकूम येथे नाही. एका रंगाचे पान दुसऱ्या रंगावर मात करीत नाही. निम्म्या रंगांत राजा आणि प्रधानानंतर दश्शी श्रेष्ठ, आणि उरलेल्या निम्म्यांत क्रम उलटा, म्हणजे एक्का श्रेष्ठ आणि दश्शी सर्वांत दुबळी. त्यामुळे खेळाडूला दहा रंगांत कोणती पाने पडून गेली आणि कोणती उरली, याचे स्मरण सतत ठेवावे लागे. डावाची सुरुवात कोणी करावी यालाही नियम होता. दिवसा रामाचा राजा ज्याच्या हाती असेल त्याने, रात्री कृष्णाचा राजा ज्याच्याकडे असेल त्याने. सांजवेळी नरसिंहाला आणि पावसात कूर्माला मान देण्याचीही रीत आढळते. संधिकाली अवतरलेला नरसिंह आणि पाण्यातला कूर्म यांची योजना ज्याने केली, त्याला पुराणे पाठ होती आणि विनोदबुद्धीही होती, असे म्हणावयास हरकत नाही.

या खेळाला दक्षिण कोकणात जी सांस्कृतिक पार्श्वभूमी होती तीही विसरून चालणार नाही. गावोगावच्या जत्रांत रात्रभर चालणारे दशावतारी नाटक हे या मुलखाचे स्वतःचे लोकनाट्य. पानावरचा मत्स्य किंवा परशुराम ओळखण्यासाठी येथील माणसाला पोथी उघडावी लागत नसे. आदल्या जत्रेत त्याने दशावतारांच्या कथा पाहिलेल्या असत. आश्रयदाता दरबार होता हे खरे. परंतु चित्रांची भाषा सर्वांची होती.

राजधानी नसलेले शहर

१९४८ मध्ये संस्थान विलीन झाले आणि पूर्वीची राजधानी रत्नागिरी जिल्ह्यातील एका तालुक्याचे ठिकाण बनली. पंचम खेमराज ऊर्फ बापूसाहेब महाराज यांचे १९३७ मध्ये निधन झाले होते. त्यांच्या कारभाराविषयीची कृतज्ञता शहरात आजही व्यक्त होते. मात्र कृतज्ञतेने कचेऱ्या परत येत नाहीत. १ मे १९८१ रोजी रत्नागिरीचे विभाजन होऊन सिंधुदुर्ग जिल्हा अस्तित्वात आला, तेव्हा जिल्ह्याचे मुख्यालय ओरोस येथे, नव्याने वसविलेल्या सिंधुदुर्गनगरीत गेले. २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण मार्गावर खुली झालेली कोकण रेल्वे शहरात न येता बाजूने गेली. स्थानकाचे नाव 'सावंतवाडी रोड' असे आहे आणि या 'रोड' शब्दातच त्याचे शहरापासूनचे अंतर व्यक्त होते. पुढे मुंबई-गोवा महामार्गाची वाहतूकही झाराप-पत्रादेवी या वळणमार्गाने शहराबाहेरून जाऊ लागली.

अशा रीतीने सत्ता, कचेऱ्या, रेल्वे आणि हमरस्ता या चारही गोष्टी एकामागून एक शहरापासून दूर गेल्या. वळणमार्गाने शहर कोंडीतून सुटले, हा लाभ लहान नाही. परंतु पूर्वी गोव्याकडे जाणारी मोटार तलावाकाठी चहाला थांबे आणि तेथून बाजारात खेळण्यांच्या दुकानाकडे पावले वळत. ते अनायासे मिळणारे गिऱ्हाईक कमी झाले. आता सावंतवाडीत यावयाचे तर ठरवून यावे लागते. शहराला पर्यटनाचा प्रचार करण्याची निकड का भासली, याचे उत्तर पर्यटनाच्या धोरणापेक्षा या भूगोलात अधिक सापडते.

राजवाड्यातील कारखाना

खेळण्यांचा धंदा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दोन बाजूंनी अडचणीत आला. एकीकडे स्वस्त प्लॅस्टिक आले. भातुकली, भोवरे, लाकडी फळे, पाळण्यावरची चिमणाळी ही घरोघर लागणारी वस्तू होती. लहान मुलाच्या हातून मोडली तर हळहळ न वाटावी इतक्या किमतीची ती असावी लागे. प्लॅस्टिकशी या किमतीत स्पर्धा करणे सुताराला अशक्य होते. दुसरीकडे लाकडाचा प्रश्न होता. खेळण्यांसाठी पांगाऱ्यासारखे हलके, मऊ लाकूड सोयीचे. ते कुंपणाकडेला, बागायतीत मिळे. काजू आणि पुढे रबराच्या लागवडी जसजशा वाढल्या तसतसा अशा झाडांचा मोकळा आढळ कमी झाला. कारागिरीच्या इतिहासात आश्रयदात्याची पुष्कळ चर्चा होते, झाडाची होत नाही.

गंजिफांची स्थिती याहून बिकट होती. छापील इंग्रजी पत्त्यांनी खेळ मागे सारला होता आणि खेळच उरला नाही तर पत्ते करावयाचे कोणासाठी, असा सरळ प्रश्न होता. गंजिफा करणारे हात शहरात जवळजवळ उरले नव्हते. अशा वेळी शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी जुन्या चिताऱ्याकडून ही कला समजावून घेतली आणि सत्तरच्या दशकाच्या आरंभी राजवाड्यातच लाखकामाचा कारखाना सुरू केला. सत्त्वशीलादेवी बडोद्याच्या गायकवाड घराण्यातील. त्या स्वतः कुंचला घेऊन बसत, तरुण कारागिरांना शिकवीत. १९७१ मध्ये संस्थानिकांचे तनखे रद्द झाले, तो हाच सुमार. देशातील अनेक माजी संस्थानिकांनी या काळात वाडे विकले किंवा त्यांची हॉटेले केली. सावंतवाडीत दरबार हॉलमध्ये चितारी बसले. शिवरामराजे विधानसभेवर अनेकदा निवडून गेले, परंतु शहराच्या इतिहासात त्यांचे हे काम राजकारणापेक्षा अधिक काळ लक्षात राहील असे दिसते. त्यांचे १९९५ मध्ये आणि सत्त्वशीलादेवींचे २०१८ मध्ये निधन झाले.

या कारखान्याच्या कार्याचे मूल्यमापन करताना एक गोष्ट स्पष्टपणे नोंदविली पाहिजे. गंजिफांच्या पूर्ण जोडाला गिऱ्हाईक थोडेच, हे ओळखून येथे गंजिफांची चित्रशैली पानांवरून उचलून इतर वस्तूंवर नेण्यात आली. पेट्या, ताटे, दिव्यांचे खांब, बुद्धिबळाची प्यादी, चौरंग, खुर्च्या यांवर अवतार आणि वेलबुट्टी आली. ही सूझ व्यवहारी होती आणि तिच्यामुळेच कारागिरांच्या हाताला बारमाही काम मिळाले. याच काळात गंजिफांकडे अभ्यासकांचेही लक्ष गेले. मुंबईत दीर्घकाळ वास्तव्य केलेले जर्मन कलासमीक्षक रुडॉल्फ फॉन लायडन यांनी भारतभरातील गंजिफांचा संग्रह आणि अभ्यास केला. त्यांचा या विषयावरील ग्रंथ लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमने १९८२ मध्ये प्रसिद्ध केला. म्हणजे ज्या दशकात वाडीत पत्ते पुन्हा होऊ लागले, त्याच्या पुढच्याच दशकात ते संग्रहालयाच्या काचेआडही गेले.

येथेच परीक्षक बदलला. पूर्वीचा परीक्षक खेळाडू होता. त्याला एकसारखी पाठ, टिकाऊ लाख, चटकन ओळखू येणारे चिन्ह हवे असे. नवा परीक्षक पाहणारा होता. त्याला उठावदार राजा हवा होता. तयार रंग आणि जाड पुठ्ठा वापरात आला, पाने भिंतीवर टांगण्यासाठी चौकटीत बसविली जाऊ लागली. चौकटीत दहाच पाने पुरतात, दहा अवतारांची. उरलेली ११० पाने, त्यांतील ५५० चिन्हांसह, खेळासाठीच आवश्यक होती, शोभेसाठी नव्हती. बाजाराने घातलेली ही निवड कोणाच्या दुष्टाव्याने झालेली नाही. तरीही तिचा परिणाम असा की, कारागिरीचा सर्वांत कष्टाचा आणि शिस्तीचा भाग मागणीच्या अभावी आकसला.

पर्यटन जिल्हा आणि मधले शहर

१९९७ मध्ये सिंधुदुर्ग हा देशातील पहिला पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झाला. घोषणेमागील कल्पना आकर्षक होती : प्रदूषण करणारे उद्योग नकोत, निसर्ग आणि संस्कृती हेच भांडवल. प्रत्यक्षात या भांडवलाची मांडणी प्रामुख्याने किनाऱ्यावर झाली. मालवणचा सिंधुदुर्ग किल्ला, तारकर्लीचा समुद्र, वेंगुर्ल्याचा किनारा ही नावे पुढे आली. दुसऱ्या टोकाला आंबोलीचा पाऊस आणि धबधबे होते. सावंतवाडी या दोहोंच्या मध्ये पडली. समुद्रावरून घाटात जाणारा किंवा घाटातून गोव्यात उतरणारा प्रवासी येथे दोन तास थांबतो, तलाव पाहतो, राजवाड्यात जातो, चार खेळणी घेतो आणि निघतो. मुक्कामाची खोली, जेवण, वाटाड्या यांचे उत्पन्न दुसरीकडे जाते.

दोन तासांच्या पाहुण्याला दोन तासांत समजेल असेच दाखवावे लागते. लाकडी आंबा हातात घेतल्यावर त्याचे कौतुक समजावून सांगावे लागत नाही. १२० पानांचा, उलटसुलट क्रमाचा डाव मात्र दोन तासांत शिकविता येत नाही. पर्यटनाच्या प्रचारात खेळणी पुढे आणि गंजिफा नावापुरता का राहिला, याचे हे साधे स्पष्टीकरण आहे.

नगरपरिषदेने आपल्या परीने प्रयत्न केले. तलावाचा परिसर सुशोभित झाला, कारागिरांना एका ठिकाणी काम करता आणि विकता यावे म्हणून शिल्पग्राम उभारले गेले. यातील विचार योग्य असला तरी एक मूलभूत पेच त्यात राहतो. चितार आळीतील कारागिराचे घर, दुकान आणि कारखाना एकाच उंबऱ्यात असतो. ओसरीवर वडील रंगवीत असतात आणि शाळेतून आलेले मूल तेथेच बसून पाहते. कलेचे शिक्षण या बसण्यातूनच होत आले आहे. कारागिराला आळीतून उचलून प्रदर्शनस्थळी नेले, तर पाहुण्याची सोय होते, पण मुलाची ओसरी सुटते. म्हणून आळीतील जुनी घरे, त्यांच्या ओसऱ्या आणि पडव्या या वास्तुवारशाचाच भाग मानावयास हव्यात. राजवाडा टिकेल, कारण त्याच्यामागे घराणे आहे आणि अलीकडे त्याच्या आवारात पाहुण्यांच्या मुक्कामाचीही सोय झाली आहे. आळीतील कौलारू घर पाडून तेथे सिमेंटची इमारत उभी राहिली, तर त्याची नोंद कोणत्याही वारसायादीत होणार नाही.

चिपी येथील विमानतळ ऑक्टोबर २०२१ मध्ये आणि गोव्यातील मोपा विमानतळ जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाला. मोपा तर सावंतवाडीच्या अगदी शेजारी, हद्दीपलीकडे आहे. दूरचा पाहुणा आता शहराच्या दारापर्यंत येतो. तो आत येईल की वळणमार्गाने किनाऱ्याकडे जाईल, हा जुनाच प्रश्न नव्या वाहनात बसून आला आहे.

करणे आणि खेळणे

गंजिफांची अन्य केंद्रे पाहिली म्हणजे सावंतवाडीची स्थिती अधिक उमगते. बंगालमधील बिष्णुपूर येथे दशावतारी पत्ते करणारे कारागीर घराणे परंपरेने हे काम करीत आले आहे. ओडिशातील रघुराजपूर या पटचित्रकारांच्या गावी गोल पत्त्यांना गंजपा म्हणतात. २००० च्या सुमारास त्या गावाचा वारसाग्राम म्हणून विकास झाला. ओडिशाच्या काही भागांत वयस्क मंडळी झाडाखाली किंवा मठाच्या ओट्यावर अलीकडेपर्यंत हा डाव मांडीत आली आहेत. तेथे पत्ते झिजतात, म्हणून नवे लागतात. वाडीत पत्ते झिजत नाहीत.

ही तुलना सावंतवाडीला कमी लेखण्यासाठी नाही. किंबहुना ज्या शहरात खेळ जवळजवळ संपला होता तेथे करणे टिकवून धरणे हे अधिक अवघड होते, आणि ते साधले ही गोष्ट आदरास पात्र आहे. पण 'जतन' हा शब्द वापरताना कोणत्या गोष्टीचे जतन, हे विचारणे आवश्यक ठरते. २०२० नंतरच्या काळात सावंतवाडीच्या गंजिफांना आणि लाकडी कामाला भौगोलिक मानांकनही लाभले आहे. बाहेरची नक्कल सावंतवाडीच्या नावे विकली जाण्यास त्यामुळे आळा बसू शकतो, आणि कारागिराच्या दृष्टीने हे संरक्षण मोलाचे आहे. मात्र भौगोलिक मानांकनाचा १९९९ चा कायदा नावाप्रमाणेच वस्तूंसाठी आहे. लाख, पुठ्ठा, चित्र यांची नोंद होते. दिवसा राम आणि रात्री कृष्ण कोणाच्या हाती आहे ते पाहून डाव सुरू करावा, या नियमाची नोंद त्यात कोठे होणार?

या संदर्भात शहरात आधीच असलेल्या साधनांकडे लक्ष वेधावेसे वाटते. सावंतवाडीत वाचनालये आहेत, शाळा आहेत, महाविद्यालय आहे. बुद्धिबळाच्या स्पर्धा भरविण्याची सवय आहे. गंजिफांच्या डावाला लागते ती एक सतरंजी, तीन माणसे आणि स्वस्तातला एक पूर्ण जोड. यातील पहिल्या दोन गोष्टींची वाण नाही. अडते ते तिसऱ्यापाशी. हाताने रंगविलेला पूर्ण जोड ही आज भेट देण्याची आणि जपून ठेवण्याची वस्तू आहे. तो मुलांच्या हाती पिसावयास कोणी देणार नाही, आणि देऊही नये. पूर्वी हा प्रश्न पडत नव्हता, कारण दरबार कलम आणि बाजार कलम अशा दोन प्रती एकाच आळीत होत असत. पुनरुज्जीवनाने दरबार कलमाला नवे आयुष्य दिले. बाजार कलम, म्हणजे साधी चिन्हे, थोडे रंग, परंतु १२० च्या १२० पाने आणि सर्वांची पाठ सारखी, असा जोड चितार आळीत पुन्हा किती किमतीत करता येईल, याचा हिशेब कारागिरांनी आणि नगरपरिषदेने एकत्र बसून मांडणे शक्य आहे. खर्चाचा मोठा भाग रंगात किंवा लाखेत जाणार नाही. तो जाईल त्या ५५० चिन्हांना लागणाऱ्या वेळात, आणि त्या वेळाची मजुरी कोणी द्यावयाची हे आधी ठरवावे लागेल.